उभी घागर, आडवी घागर

सोलापुरात राहता आणि पाणी चार-पाच दिवसांआड येतं म्हणून चिडता? चिडू नका. येत्या निवडणुकीत मतपत्रिकेवरच प्रश्न छापून आणा : ‘रोज पाणी हवं का?’ हो किंवा नाही. बास.

सोपा मार्ग म्हणजे स्वित्झर्लंडला राहायला जाणं. तिथं 18 महिन्यांत 1 लाख सह्या जमल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्तावसुद्धा लोकांच्या मतदानाला ठेवावा लागतो. पाण्यासाठी म्हटलं तर आपल्याकडं सत्तर फूट रोडवर भाजी घेता घेता तेवढ्या सह्या होतील. पण आपल्या राज्यघटनेत सार्वमताची सोयच नाही. गोव्यानं महाराष्ट्रात यावं की नाही, हे 16 जानेवारी 1967 ला विचारलं, त्यासाठीही संसदेला आदल्या वर्षी खास कायदा करावा लागला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे नको. पानं जिंकली. तेव्हा तुमच्या नळासाठी लोकसभेत विधेयक मांडायला लावा आणि चिन्ह तेवढं जपून निवडा.

मतपत्रिका घरच्या घरी छापायची मात्र नाही. डिसेंबर 2024 मध्ये आपल्याच माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं, ईव्हीएमवर विश्वास नाही म्हणून, मतपत्रिकेवर स्वतःचं मतदान घ्यायचं ठरवलं. मतदारांआधी पोलीस आले, जमावबंदी आली आणि मतदान राहिलं.

आता हुकमी मार्ग. महाराष्ट्रात जनतेला थेट प्रश्न विचारण्याचा मान एकाच वस्तूला आहे : बाटलीला. 2008 च्या आदेशाप्रमाणे प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी दारूचं दुकान बंद करा म्हणून सह्या दिल्या की उत्पादन शुल्कवाले त्या पडताळतात, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत हं, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्मी! म्हणजे यादीत 1,000 नावं असतील तर 501 आडव्या. पुण्याला नोकरीला गेलेली सून, बाळंतपणाला माहेरी गेलेली लेक आणि यादीतून नाव न निघालेली, चार वर्षांपूर्वी वारलेली आजी, सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूनं. आजीनं जन्मात ताकाशिवाय काही घेतलं नव्हतं. नगरसेवकाला एवढी कडक अट लावली असती तर सभागृहात टेबलखुर्च्याच उरल्या असत्या. तिथं दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त पुरतं.

म्हणून सांगतो, अर्ज पाण्याचा करू नका, दुकानाचा करा. चित्रं छापताना बाटलीच्या जागी घागर घाला. उभी घागर म्हणजे पाणी रोज, आडवी म्हणजे आहे तेच चालू द्या. गैरहजर आणि मयत बायका नियमानं उभीकडंच, त्यामुळं प्रचाराचाही खर्च नाही. कुणी हरकत घेतलीच तर म्हणा, नजरचुकीनं झालं. सरकारी कागदावर एवढं चालतं.

सह्या मात्र पाण्याच्या दिवशी मागायला जाऊ नका. परवा मी गेलो होतो. पहाटे साडेतीनला अख्खी गल्ली जागी, पण सगळ्यांचे हात पिंपात. शेजारच्या मावशींनी ओल्या बोटानं सही केली, शाई पसरली आणि नाव गेलं वाहून. ‘कोरड्या दिवशी ये की बाळा,’ म्हणाल्या, आणि मोटार लावायला आत पळाल्या.