शिकायचा वेळ कोणाच्या खात्यातून?

इथे श्टुटगार्टजवळ संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, म्हणजे घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात रात्रीचे दहा. वहिनी गच्चीवर बसली होती, रेंज तिथेच मिळते म्हणून. मांडीवर रजिस्टर, शेजारी दुसरं रजिस्टर. "ताई, आज नऊ जणींचं जमलं, सहा राहिल्या. वहीत लिहून ठेवतो अन् सकाळी परत जातो त्यांच्या घरी."

वहिनी अंगणवाडी सेविका आहे. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार, म्हणजे टीएचआर, देताना चेहरा पडताळणी सक्तीची झाली, त्या पहिल्या महिन्यातलं हे बोलणं. गरोदर आणि स्तनदा मातांना आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी आहाराची पाकिटं मिळतात. ती देण्याआधी आता पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये आधारची केवायसी, म्हणजे ओळखीची खात्री, करायची, मग फोनसमोर आईचा चेहरा धरायचा. केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो आणि नवरा फोन खिशात घालून शेतात गेलेला असतो. कधी तो नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेला असतो. ओटीपी आला तरी चेहरा जुळेल याचा भरवसा नाही. चेहरा जुळला तर रेंज जाते. गावाबाहेरच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, तर रेंज मुळातच नाही. तिथल्या बायकांना घेऊन वहिनी टेकडीच्या चढापर्यंत चालत जाते.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून वाद पेटला. गावातल्या एकाने लिहिलं, "आपल्या लोकांना बदलच नको असते. तिकडं जर्मनीत पाहा, सारं कसं मशीनवर." बऱ्याच जणांनी अंगठे दिले. त्या ग्रुपवर मला एवढं सगळं लिहिता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी जर्मनीचं सांगते. इथे सारं मशीनवर नाही. २०१७ मध्ये कायदा करून २०२२ अखेरपर्यंत सरकारी सेवा ऑनलाइन आणायचं ठरलं होतं. ५७५ सेवांची यादी केली होती. ती मुदत टळली. माझ्या स्वतःच्या राहण्याच्या परवान्याचे कागद एका कार्यालयात महिनोन्‌महिने पडून होते, आणि त्यांचं प्रत्येक उत्तर टपालाने यायचं. माझ्या गल्लीतला बेकरीवाला अजून रोख पैसे मागतो, आणि आमच्या गावच्या किराणा दुकानात माझी सत्तरीची आई क्यूआर कोड स्कॅन करते. आपले लोक बदलाला घाबरतात, हे म्हणणं मला मुळातच खोटं वाटतं. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर तेच बियाणं आलं. त्याने भलं झालं की वाटोळं, हा वेगळा विषय, आणि यवतमाळ जिल्ह्यात तो सहज बोलण्याचा विषय नाही. पण माझ्या वडिलांनी पेरणीची रीत, फवारणीची रीत, रानातलं अंतर, सगळं दोन हंगामांत बदललं होतं. त्यांना कोणी 'बदलाला विरोध करणारा शेतकरी' म्हटलं असतं तर मला ते सहन झालं नसतं.

बदल आला की तो शिकायला वेळ लागतो. तो वेळ कोणाच्या खात्यातून जातो, हे मला या वादातलं खरं भांडण वाटतं.

माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि इथल्या किटात जाते. किटा म्हणजे आपली अंगणवाडी-बालवाडीच. १ ऑगस्ट २०१३ पासून वर्षभराच्या पुढच्या प्रत्येक मुलाला अशा जागेचा कायदेशीर हक्क आहे. जागा आणि माणसं कमी पडतात ती गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी तिच्या किटात मुलांच्या नोंदींची पद्धत बदलली. पालकांना पत्र आलं: अमुक दोन दिवस किटा बंद राहील, त्या दिवशी शिक्षिका नवीन पद्धत शिकतील आणि वर्षाचं काम ठरवतील. अशा दिवसाला इथे 'पेडागोगिशर टाग' म्हणतात, आणि तो बहुतेक किटांत वर्षातून काही वेळा असतो. आम्हा पालकांची चिडचिड झाली. मी स्वतः एक दिवस रजा टाकली. पण त्या शिक्षिका शिकत होत्या तो त्यांच्या कामाचा दिवस होता, त्याचा पगार त्यांना मिळत होता. संस्थेने बदलाची किंमत स्वतःच्या वहीत मांडली, आणि थोडी आमच्याही.

वहिनीला काय मिळालं? तालुक्याला एक बैठक. दोनशे बायकांमागे एक पडदा. मग पर्यवेक्षिकेच्या ग्रुपवर एका व्हिडिओची लिंक. बाकीचं तिने रात्री गच्चीवर बसून, शेजारच्या कॉलेजातल्या पोरीला विचारून शिकलं. तो वेळ तिच्या झोपेतून गेला. तिच्या कमाईला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मानधनावरच्या माणसाच्या तासांचा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण कागदावर ती पूर्ण कर्मचारीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा वहिनीने मला तीनदा विचारलं होतं, "म्हंजे आमी नोकरीवर आहो असंच ना ताई?"

माझ्या कारखान्यातली एक गोष्ट सांगते. आम्ही पंपाचे सुटे भाग करतो. मी नियोजन विभागात आहे. यंत्रावरच्या कामगारांच्या कागदी जॉबकार्डांऐवजी टॅब्लेट आणायचे ठरले. मला वाटलं होतं, महिनाभराचं काम. सात महिने गेले. जर्मनीत कामगारांनी निवडून दिलेली परिषद असते, तिला बेट्रीब्सराट म्हणतात. १९७२ च्या कायद्याच्या ८७ व्या कलमानुसार, कामगाराच्या वागण्यावर किंवा कामाच्या गतीवर नजर ठेवू शकेल असं कोणतंही उपकरण तिच्या संमतीशिवाय मालकाला लावता येत नाही. पाच कामगार असले तरी परिषद निवडता येते, पण बहुतेक लहान ठिकाणी ती नसतेच, हेही खरं. आमच्याकडे आहे. परिषदेने विचारलं: कोण किती हळू आहे हे या टॅब्लेटवरून कळणार का? लेथवरचा एक म्हातारा कामगार म्हणाला, हातमोजे घालून या पडद्यावर बोट चालत नाही, आणि स्टँड उजवीकडे लावलात तर तेल उडतं. मी तेव्हा मनातून भडकले होते. पण ते खरंच होतं, आणि आमच्या विभागातल्या एकालाही ते सुचलं नव्हतं. शेवटी जो करार झाला त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं कलम एकच होतं: टॅब्लेट चालू झाल्यापासून तीन महिन्यांत कागदी कार्ड बंद. तारीख घालून बंद.

वहिनीच्या मांडीवर ती दोन रजिस्टरं का होती, ते इथे येतं. अंगणवाड्या ज्यात येतात त्या एकात्मिक बालविकास योजनेत अकरा रजिस्टरांची पद्धत होती. ॲप आलं, पण रजिस्टरं सुटली नाहीत. ॲप बंद पडलं तर तपासणीला वही दाखवावी लागते, वही दाखवली तर ॲपवर का नाही म्हणतात. एकच वजन ती तीनदा लिहिते. नवीन काम आणलं तर जुनं कधी थांबेल, हे लिहून देणारं कोणीच नव्हतं. विरोध म्हणून जे दिसतं त्यातलं निम्मं या दुहेरी कामातून येतं, असं मला वाटतं.

सेविकांनी सांगितलं नव्हतं असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर त्यांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोनची मेमरी अपुरी होती, तो अडकायचा, तापायचा, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत होता. आमच्या तालुक्यातही पिशव्या भरून फोन कार्यालयात गेले. ज्या बाईला मराठीतून लेकराचं वजन लिहायला सांगायचं तिला इंग्रजी पडदा द्यायचा, आणि तिने फोन परत केला की ती बदलाच्या आड येते म्हणायचं! हातमोज्यांत बोट चालत नाही म्हणणारा तो म्हातारा आणि फोन परत करणाऱ्या या बाया, दोघं एकच सांगत होते. एकाला ऐकून घेणारी परिषद होती. बायांना आंदोलन करावं लागलं.

चेहरा पडताळणीमागचं कारण मी उडवून लावत नाही. बोगस नावं होती. गरिबाच्या वाट्याचं अन्न भलतीकडे जाऊ नये, हे मलाही हवं आहे. पण टीएचआरची पाकिटं गोठ्यात ढोरांपुढे ओतलेली मी लहानपणापासून पाहिली आहेत, आणि ती चोरी नव्हती, लेकरं ते खात नव्हती म्हणून. चेहरा जुळवून ती चव सुधारत नाही. चवीबद्दल वहिनीला विचारलं तर ती अर्धा तास बोलेल.

कापसाचंही त्याच हंगामात तसंच झालं. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने (२०२५-२६ मध्ये लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल) कापूस विकायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी आणि स्लॉट, म्हणजे माल आणायची ठरलेली वेळ. रात्रभर रांगेत थांबायला नको म्हणून ही सोय चांगली आहे. माझ्या वडिलांनी एकाधिकार खरेदीच्या काळात बंडीखाली थंडीत काढलेल्या रात्री मला आठवतात. पण नोंदणीला सातबारा लागतो, आणि जो दुसऱ्याचं वावर मक्त्याने करतो त्याच्या नावावर सातबारा नाही, आणि आमच्या गावात असे कितीतरी आहेत. सप्टेंबरअखेरची नोंदणीची मुदत वाढवत न्यावी लागली ती उगीच नाही.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं की अंगणवाडीलाही किटासारखे दोन दिवस बंद ठेवून, मानधन न कापता, सेविकांना शिकू द्या. एका मैत्रिणीने लगेच विचारलं, अंगणवाडी बंद ठेवली तर मजुरीला जाणारी बाई लेकरू कुठं ठेवेल? इथे मी रजा टाकू शकले. तिला रोजी बुडवावी लागेल. मैत्रिणीचं बरोबर होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी वहिनीला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाली, "जुलैत कायले बंद ठेवता? जुलैत निंदण राहते, सगळ्या बाया वावरात. तेवढ्यातच हे ॲप आणलं पाहा. दिवाळीनंतर वेचणी, तेव्हाबी नाही. मे महिन्यात द्या. वावरात काम नाही, बाया घरीच, नवरेबी घरी, म्हंजे ओटीपीवाला फोनबी घरी."

मग थोडं थांबून म्हणाली, "मले विचारलं असतं तर मी मे महिना सांगतला असता."