समोरची पट्टी विकण्याआधी

गेल्या रविवारी सकाळी भावकीतला एक तरुण सात-बारा, आठ-अ आणि एका एजंटाने आकडे लिहून दिलेला कागद घेऊन घरी आला. पुण्याच्या नगर रस्त्यावरच्या वाघोलीत आमच्या जमिनीपासून तीन बांध सोडून त्यांची एक एकर जमीन आहे. ती व्यापारी झोनमध्ये आली असून गिऱ्हाईक दारात उभे आहे. चहा व्हायच्या आतच त्याने विचारले, "तात्या, गुंठ्याला किती सांगू?" मी त्याला भाव सांगितला नाही. त्याऐवजी दोन तास आमच्याच जमिनीची हकिकत सांगितली. तीच इथे सविस्तर लिहितो आहे, कारण नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कितीतरी घरांत आज हाच प्रश्न चर्चेत आहे आणि बहुतेक ठिकाणी तो असाच, म्हणजे चुकीच्या टोकाकडून, विचारला जातो आहे.

२०१२ साली वाघोली ग्रामपंचायतीतच होती. पुणे महापालिकेत ती २०२१ मध्ये इतर बावीस गावांबरोबर गेली. आमची एकूण ६३ गुंठे जमीन, तिचे तोंड नगर रस्त्याला. घरात दोन लग्ने होती आणि सोसायटीचे जुने कर्ज होते, म्हणून वडिलांनी थोडी जमीन काढायची ठरवली. गिऱ्हाईकाने फक्त रस्त्याकडची २० गुंठे मागितली आणि भाव मात्र आजूबाजूच्या चालू भावापेक्षा चांगला दिला. कमी जमीन जाते, पैसे जास्त येतात आणि मागची ४३ गुंठे पोरांसाठी राहतात, असा हिशेब आम्ही सर्वांनी मिळून केला. त्यात माझाही होकार होता, हे मी लपवणार नाही. मागच्या शेतात जाण्यासाठी उत्तरेच्या बांधाकडून वीस फुटांची वाट ठेवायचे ठरले. ती वाट वडिलांनी स्वतः पावलांनी मोजली, दोन्ही टोकांना दगड रोवले, त्यांना चुना लावला आणि म्हणाले, "भरला ट्रॅक्टर आरामात वळतो, पुष्कळ झाली." शेतकऱ्याच्या मापाने ती वाट खरोखरच पुष्कळ होती.

शहराचे माप मात्र वेगळे असते. २०२० च्या डिसेंबरपासून राज्याच्या बहुतेक शहरांना जी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यात एखाद्या जमिनीवर किती बांधकाम करता येईल हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. महापालिका हद्दीत दाट वस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा, १.१० मिळतो. त्याच्यावर पैसे भरून घ्यायचा प्रीमियम एफएसआय आणि बाजारातून विकत घ्यायचा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क, चढतो, पण तो किती चढावा हे रस्ता सांगतो. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर गोष्ट १.१० पाशीच थांबते. ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्ता असेल तर ती ३ पर्यंत जाते. आमची वीस फुटांची वाट म्हणजे जेमतेम ६ मीटर.

त्या तरुणाला समजावे म्हणून मी वहीच्या पाठच्या पानावर एका एकराचा ढोबळ हिशेब मांडला, तो तुम्हीही करून पाहा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात ४३,५६० चौरस फूट. १.१० ने गुणले तर सुमारे ४८ हजार चौरस फूट होतात आणि ३ ने गुणले तर १ लाख ३० हजारांच्या वर जातात. जिने, गॅलऱ्या, लिफ्ट यांसारख्या गोष्टींसाठी जे अनुषंगिक क्षेत्र मिळते ते निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत आणि व्यापारी वापराला ८० टक्क्यांपर्यंत असते. ते धरले तर दोन आकड्यांमधली दरी आणखी वाढते. जमीन तीच, माती तीच, गट नंबरही तोच. फक्त समोर रस्ता कोणता आहे एवढ्यावर एक जमीन दुसरीच्या पावणेतीन पट इमारत पेलते. प्रीमियमचे आणि टीडीआरचे पैसे विकसकालाच भरावे लागतात, रस्तारुंदीत जाणारी जागा वजा होते, इमारतीची उंची वाढली की अग्निशमनाच्या अटी वाढतात, त्यामुळे हा सगळा फरक जमीनमालकाच्या खिशात यावा असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण घेणारा माणूस गुंठे मोजत नसून त्यावर उभे राहणारे चौरस फूट मोजत असतो, एवढे तरी देणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. आमच्या घरात ते कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही विकली २० गुंठे आणि त्यांच्याबरोबर मागच्या ४३ गुंठ्यांचे तोंडही देऊन टाकले.

याचा परिणाम कळायला आम्हाला काही वर्षे लागली. मागची जमीन पाहायला आलेली तीन-चार गिऱ्हाइके वाट पाहून परत गेली. ज्याला ती जमीन पूर्ण किमतीची आहे असा एकच माणूस उरला, तो म्हणजे समोरच्या २० गुंठ्यांचा मालक, कारण दोन्ही जमिनी एकत्र केल्या की त्याला मागच्या जमिनीवरही मोठ्या रस्त्याचा फायदा मिळतो. त्याने आमच्यापुढे जो भाव ठेवला तो समोरच्या जमिनीच्या निम्म्याहूनही कमी होता. त्याने कोणताही कायदा मोडलेला नाही. खरेदीखत स्वच्छ होते, पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले. त्याला नकाशा वाचता येत होता आणि आम्हाला येत नव्हता, इतकेच. पण एका पिढीच्या कष्टाची जमीन एवढ्याशा गोष्टीने पडत्या भावात जाते, याचे दुःख मला आजही होते आणि म्हणूनच मी हे लिहितो आहे.

त्यामुळे माझे म्हणणे असे, की गुंठ्याचा भाव हा शेवटचा प्रश्न आहे. आधी झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे विकास आराखड्यातला आपल्या गटापुरता नकाशा, काढा. विकास आराखड्यात व्यापारी झोनचा निळा रंग दिसला की माणसे हरखून जातात, परंतु एकाच गटाचा रस्त्याकडचा भाग निळा आणि मागचा पिवळा म्हणजे निवासी किंवा हिरवा म्हणजे शेतीचा असू शकतो. त्याच गटातून आखलेला रस्ता किंवा एखादे आरक्षणही जाऊ शकते. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणून हद्दी कायम करा, कारण सात-बारावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाट यांत दोन-तीन गुंठ्यांचा फरक निघणे आमच्या भागात अजिबात नवीन नाही. मग एखाद्या वास्तुविशारदाला त्याची फी देऊन या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल याचा लेखी अंदाज मागा. कोट्यवधींच्या व्यवहारात ही फी किरकोळ असते, तरी ती द्यायला आपला हात सर्वांत आधी आखडतो आणि त्याच व्यवहारात एजंटाची दलाली मात्र निमूट दिली जाते. जमीन तुकड्याने विकायचीच असेल तर मागच्या भागासाठी पुरेशा रुंदीचा रस्ता आधी नकाशावर आणा आणि नंतरच समोरच्या पट्टीबद्दल बोला. चुना लावलेले दगड कोणत्याही कार्यालयात चालत नाहीत.

आता घरातल्या एका गोष्टीविषयी, जी लिहिताना मला संकोच वाटतो. २०१२ च्या व्यवहारात आत्याच्या सहीची गरज होती. आजोबांच्या वाट्यात मुलीचा वारसा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच होता. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आम्ही आत्याला दुय्यम निबंधक कार्यालयात नेले, तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले, येताना हॉटेलात जेवण केले आणि तिला एक साडी दिली. तिने चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून प्रत्येक पानावर सही केली आणि एकही प्रश्न विचारला नाही. तिला किती मिळायला हवे होते हा प्रश्न आम्हीही विचारला नाही. पुढे मागच्या जमिनीचा विषय निघाला तेव्हा मी तिच्या घरी जाऊन तो उरलेला वाटा तिच्या नावाने धरायचा असे सांगितले. व्यवहार अडतो, दावा पडतो, मालकी तपासणीच्या सर्च रिपोर्टमध्ये शेरा येतो, ही सगळी कारणे वकील सांगतातच. पण ती नसती तरीही बहिणीची सही ही भाऊबीजेची ओवाळणी समजून मागण्याची गोष्ट नाही, असे माझे ठाम मत आहे.

विक्रीऐवजी विकसनाला जमीन द्यावी का, असेही त्या तरुणाने विचारले. हडपसरला मगर कुटुंबाच्या पुढाकाराने सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून अधिक जमीन एकत्र आणली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि मगरपट्टा उभा केला. जमीन गेली तरी मालकी राहिली, याचे पुण्यातले हे ठळक उदाहरण आहे. एका एकराच्या माणसाला तसे एकट्याने करता येत नाही. पण शेजारच्या तिघा-चौघांनी बांध विसरून गट एकत्र केले, तर रस्त्याचे तोंड सर्वांना मिळते आणि बोलणीही बरोबरीने होतात. एकेकट्याने विकसन करारनामा करायचा असेल तर माझी धास्ती एकाच कागदाची आहे आणि तो कागद म्हणजे कुलमुखत्यारपत्र, आपल्या वतीने सह्या करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा. इसार म्हणून एक धनादेश हातात पडतो, बाकीचे धनादेश पुढच्या तारखांचे असतात आणि त्याच दिवशी रद्द न होणाऱ्या कुलमुखत्यारपत्रावर सह्या होऊन ताबाही जातो. पुढे विकसकाने त्या जमिनीवर कर्ज काढले, काम अर्धवट सोडले किंवा भागीदारांत भांडण झाले, तर मालकाला स्वतःच्याच जमिनीसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात जावे लागते. सह्यांचे अधिकार टप्प्याने द्यावेत, प्रत्येक टप्पा मिळालेल्या पैशाशी किंवा परवानगीशी बांधलेला असावा आणि मुदत संपली तर काय, हे करारात स्पष्ट लिहिलेले असावे. बांधकामात किंवा विक्रीच्या उत्पन्नात वाटा घेणारा जमीनमालक महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, दृष्टीने सहप्रवर्तक म्हणजे विकसकाचा जोडीदार ठरतो आणि त्याच्यावर काही जबाबदाऱ्याही येतात, हेसुद्धा सही करण्यापूर्वी समजून घ्यावे.

कराविषयी थोडक्यात एवढेच, की "शेतजमिनीच्या पैशाला कर नसतो" हे गावातले वाक्य आपल्या भागाला लागू पडत नाही. ती सवलत ग्रामीण शेतजमिनीला आहे आणि पुण्यासारख्या मोठ्या महापालिकेच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतची जमीन त्यात बसत नाही. व्यवहार ठरण्याच्या आधी सनदी लेखापालाकडे जावे. पैसे खर्च झाल्यावर गेलेल्या माणसाला तो फारशी मदत करू शकत नाही.

आणि एक मार्ग असा, जो आमच्या वडिलांसमोर कोणी ठेवलाच नाही. रस्त्याकडची पट्टी विकण्याऐवजी नोंदणीकृत भाडेपट्ट्याने देता येते. नगर रस्त्यावर गाड्यांची शोरूम, हॉटेले, गोदामे, लग्नाची लॉन्स यांतली कितीतरी भाड्याच्या जमिनीवर उभी आहेत. त्यातून एका फटक्यात दोन लग्ने आणि कर्ज निघाले नसते, हे मला मान्य आहे. पण कर्जाचे हप्ते फिटले असते, लग्ने थोडी साधी झाली असती आणि मुदत संपल्यावर जमिनीचे तोंड पुन्हा आमच्या हाती आले असते. ज्याच्या अंगावर उद्याची गरज आली आहे त्याने विकण्यात काहीच कमीपणा नाही. दुसऱ्याच्या गरजेवर बाहेरून शेरे मारणाऱ्यांचा मला राग येतो. पण निदान हा पर्याय पाहून झाल्यावर विकावी.

रविवारी तो तरुण निघताना एजंटाचा कागद माझ्या टेबलावरच विसरला. मी पाहिला, तर त्यावर "फक्त समोरची १५ गुंठे" असे लिहिलेले होते आणि खाली मागच्या जमिनीला जायला पंधरा फुटांची वाट दाखवलेली होती. मी त्याला लगेच फोन केला. त्याने मोजणीचा अर्ज भरला आहे, शुक्रवारी आम्ही दोघे वास्तुविशारदाकडे जाणार आहोत आणि तोपर्यंत इसार घ्यायचा नाही, असे त्याने घरी सर्वांसमोर सांगितले आहे. वाघोली, केसनंद, लोणीकंद या बाजूच्या ज्या कोणाकडे असा कागद आला असेल, त्यांनी सात-बारा आणि भाग नकाशा घेऊन कोणत्याही रविवारी सकाळी माझ्याकडे यावे. मी वकील नाही आणि एजंटही नाही. पण नकाशावर रस्ता कुठे आहे आणि किती रुंद आहे, हे आता मला वाचता येते.