लाईन आली का?

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या एवढ्याशा शब्दाची होती. चारशेच्या वर अर्थ! पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं म्हणतात. टाकू दे. त्या कोशकारांपैकी एकालाही कुणी ऐन एप्रिलात सोलापुरात मुक्कामाला ठेवलं नव्हतं, एवढंच यातून सिद्ध होतं. ठेवलं असतं, तर ‘लाईन’साठी त्यांना वेगळा खंड काढावा लागला असता.

आमच्या गल्लीत आमचं मराठी, भिंतीपलीकडे कन्नड, समोरच्या बोळात तेलुगू. पण दिवस उजाडला की तिन्हीकडून एकच शब्द कानावर येतो, लाईन. पाण्याची, विजेची की इंटरनेटची, ते ज्याचं त्यानं ओळखायचं.

ओळखायची खूण क्रियापदात असते. पाण्याची लाईन फुटते, विजेची जाते, फोनची लागत नाही आणि पंढरपुरात दर्शनाची सरकत नाही. पोरगं बिघडलं की लाईन सोडतं, बापाने दोन ठेवून दिल्या की लाईनवर येतं आणि कामधंद्याला चिकटलं की लाईनला लागतं. ‘लाईनवर’ आणि ‘लाईनला’ यांत फरक एवढासाच, पण तेवढ्यात बापाचे केस पांढरे होतात. कॉलेजात मुलं लाईन मारतात, नशीब असेल तर पलीकडून लाईन मिळते आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती बिचारी स्वतःच कुणाची तरी ‘लाईन’ म्हणून गावभर ओळखली जाते. शब्द साहेबाचा, राबतात आपली क्रियापदं.

बाहेरगावच्या माणसाचे मात्र हाल होतात. सोलापुरात रेल्वे आली 1860 साली, आणि स्टेशनाजवळच्या एका वस्तीचं नावच आहे रेल्वे लाईन्स. पुण्याच्या एका मित्राला मी फोनवर म्हटलं, “उतरलास की सांग, मी रेल्वे लाईन्सला उभा आहे.” तो ओरडलाच, “अरे, वेडा झालास का? आधी बाजूला हो!”

हा शब्द मुळात आहे कुणाचा, हे एकदा बघितलं आणि मला एकदम आपुलकीच वाटायला लागली. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या खोडाचा धागा काढून विणतात ते लिनन, आणि त्या धाग्याची दोरी ती ‘लिनेआ’. दोरी ताणून धरली की सरळ रेघ मिळते, तीच पुढे लाईन झाली. म्हणजे शेवटी सूतच की! चादरी विणणाऱ्या गावात येऊन ती कशी परकी राहील? कडक भाकरीवर आपण जवसाची चटणी घेतो, ती तर हिच्या माहेरचीच.

सूत म्हटलं की गुंता आलाच. आमचं पाणी येतं उजनीहून, शंभरेक किलोमीटरच्या जलवाहिनीतून. जलवाहिनी हा शब्द फक्त पेपरात असतो. गल्लीत फुटते ती लाईनच. मग टँकर येतो आणि त्याच्यासाठी आणखी एक लाईन लागते. या लाईनीत माणसं क्वचित असतात. एक पोचे आलेला हंडा, तोंड कापलेला तेलाचा पिवळा डबा, मग अर्धी वीट, तिच्यामागे डाव्या पायाची एकटीच चप्पल. यातल्या प्रत्येक वस्तूला मालक आहे आणि मान आहे. वीट जरा सरकवून बघा, दोन दारं उघडतात. “ती वीट काकूंची हाय, त्या लग्नाला गेल्यात!” काकू गावात नसल्या तरी त्यांचा नंबर लागतो.

परवा ऐन आमच्या दारातली लाईन फुटली. दुरुस्तीवाला कमरेपर्यंत खड्ड्यात, मी काठावर पाना धरून. तेवढ्यात मोहोळच्या मामांचा फोन. त्यांच्या धाकटीला आमच्या भागातलं एक स्थळ सांगून आलं होतं आणि चौकशीचं काम माझ्याकडे होतं. ते मी साफ विसरलो होतो. मामा रानात, मागे मोटार चालू, त्यामुळे बोलणं सगळं वरच्या पट्टीत.

“काय म्हणतीय लाईन?”

“लई वाईट, मामा. वरनं चांगली दिसत होती, आतनं सगळं सडलंय.”

“काय सांगतोस! कवापासनं?”

“जुनंच दुखणं. मागच्या वेळी नुसत्या चिंध्या गुंडाळून झाकलं होतं.”

“आन् लोकांस्नी ठावं हाय?”

“सगळ्या गल्लीला.”

मामा घुटमळले. “आन् पिण्याचं काय?”

“पिण्याचंच तर वांदं आहे! रात्री दोनला सुरू होतं ते पहाटेपर्यंत. बायामाणसांना झोप नाही.”

मामांनी “बरं झालं बाबा, वेळेत सांगितलंस” म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, पाण्याची केवढी कळकळ या माणसाला!

पोरगा खरं तर सरळ. औषधाच्या लाईनला आहे, सुपारीसुद्धा खात नाही. मामांनी दुपारीच नकार कळवला, मग मी संध्याकाळी सगळा उलगडा केला, मग त्यांनी पुन्हा निरोप धाडला. या सगळ्यात मध्यस्थाचं जे व्हायचं ते झालं.

रात्री मामांचा परत फोन आला. माझे हात चिखलाचे, म्हणून तो स्पीकरवर टाकला. बायको त्याच संध्याकाळी अक्कलकोटहून, माहेराहून आलेली. खड्डा बुजवून झालेला, तिला यातलं काहीच ठाऊक नाही. ती भाकरी थापत होती.

“आमचं जुळलं बग,” मामा खुशीत होते. “तुजी लाईन आली का न्हाई माघारी?”

“कोण आली माघारी?” बायकोनं विचारलं.

“आली आसंल तर रातच्यालाच उरकून घे बाबा,” मामा स्पीकरवरून ओरडले, “पहाटं जाती ती!”