मोटरसायकलवरचं लाकूड आणि गोव्याचा पाऊस: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोटरसायकलच्या साइड पॅनलवर (सीटखालच्या बाजूच्या झाकणांवर) आणि टाकीवर सजावटीचं सागवानी लाकूड बसवण्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. लाकूड चतुर्थीच्या आत फुगून सुटेल, टाकीवर पेट्रोल सांडलं की पॉलिश जाईल आणि असली सजावट आरटीओच्या नियमात बसत नाही. पहिला सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

लाकूड फुगतं हे खरंच आहे. कुठलंही पॉलिश ते पूर्ण थांबवत नाही, फक्त वेग कमी करतं. पण किती फुगतं ते काढता येतं. साइड पॅनलवर बसवायची १२० मिलिमीटर रुंद सागवानी फळी घ्या. जानेवारीत तिच्यात १० टक्के ओलावा असला आणि जुलैत १६ झाला, तर साधी कापलेली फळी रुंदीत सव्वा ते दीड मिलिमीटर वाढते. जिच्या टोकाला वलयांच्या रेषा उभ्या दिसतात अशी फळी याच्या साधारण निम्मीच वाढते. लांबीत फरक जवळपास नाहीच. आता हीच फळी चार कोपऱ्यांत स्क्रू आवळून जखडली, की पावसात ती मधे उचलते आणि पुढे आकसताना स्क्रूच्या भोकापासून चिरते. दोष लाकडाचा नाही, जखडण्याचा आहे.

म्हणून एकच भोक गोल ठेवायचं, मधलं. बाकीची रुंदीच्या दिशेने लांबट करायची: एम ५ (५ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला साडेपाच बाय आठ मिलिमीटर पुरतं. बोल्टच्या डोक्याखाली रुंद रबरी वॉशर, आणि मधल्या भोकात धातूची बारीक नळी. ती असली की आवळणीचा भार नळीवर जातो. नसेल तर लाकूड दबतं, बोल्ट सैल होतो आणि इंजिनाच्या थरथरीने नट रस्त्यात पडतो. नायलॉक नटच (आत नायलॉनचं कडं असलेला, थरथरीने न सुटणारा) वापरा. बोल्ट स्टेनलेसचे हवेत. साध्या लोखंडाला खाऱ्या हवेत गंज तर येतोच, शिवाय सागवानाला त्याच्याभोवती काळे डाग पडतात.

फुगून सुटलेल्या बहुतेक फळ्यांची मागची बाजू उघडीच असते. मागे कोण बघतंय, म्हणून पुढे पॉलिशचे चार हात आणि मागे काहीच नाही. मग ओलावा एकाच बाजूने शिरतो आणि फळी वाटीसारखी वळते. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. टोकाच्या कडा आणि भोकांच्या आतल्या भिंती यांना एक हात जास्त, कारण पाणी सगळ्यात वेगाने तिथूनच ओढलं जातं. फळी आणि पॅनल यांच्यात ३ मिलिमीटर फट ठेवा, पाणी निथळून जाऊ दे.

क्रम असा: १२०, १८०, २४० नंबरचा सँडपेपर, सागवानाचं तेल थिनरने पुसणं, इपॉक्सीचे (हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या राळेचे) दोन पातळ हात, वर दोन घटकांच्या पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन. नुसती इपॉक्सी उन्हात पिवळी पडून भुरभुरते, म्हणून अतिनील किरण अडवणारं पीयू वर लागतंच. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो थर पाण्याने धुऊन न काढता पुढचा हात दिला तर हा हात सोलून निघतो. पीयूच्या हार्डनरला ओलावा लागला की बुडबुडे येतात. फवारताना योग्य मास्क घाला, त्या वाफा फुप्फुसाला घातक आहेत.

पेट्रोलचं तुमचं म्हणणं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरला लागू आहे. पूर्ण सुकलेलं दोन घटकी पीयू सांडलेलं पेट्रोल लगेच पुसलं तर सोसतं. तरी झाकणापासून ५०-६० मिलिमीटर दूर राहा. टाकीला भोक पाडणं अजिबात नको. तिथे ४० मिलिमीटरपेक्षा अरुंद, ३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या फोमच्या दुहेरी चिकट टेपवर बसवाव्यात. टेप थोडी सरकू देते. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं लाखकाम कितीही देखणं असलं, तरी उन्हात तापलेल्या टाकीवर ते लावू नये. लाख उष्णतेने मऊ पडते.

सायलेन्सर आणि इंजिनाच्या पात्यांजवळ मात्र लाकूड नको, हे शंभर टक्के मान्य.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतली (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रातली) माहिती मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असे बदल रोखतं. पॅनलवरची फळी त्या माहितीला हात लावत नाही. गाडीचा नोंदलेला रंगच झाकून टाकला तर मात्र प्रश्न येतो. नंबरप्लेट, इंडिकेटर, रिफ्लेक्टर झाकू नका. मागच्या माणसाची धरायची मूठ आणि साडीगार्ड काढून तिथे लाकूड बसवू नका, ती नियमाने सक्तीची आहेत आणि सुरक्षेसाठीच आहेत.

तुमच्या गाडीचं साइड पॅनल एकदा आतून बघा. प्लास्टिकचं नाव एबीएस (ABS) असं कोरलेलं असेल तर इपॉक्सी धरते, पीपी (PP, पॉलिप्रॉपिलीन) असेल तर कुठलाही साधा गोंद टिकत नाही, बोल्टच लागतील. काय निघतं ते इथे कळवा, म्हणजे भोकं कुठे घ्यायची ते नेमकं सांगता येईल.