गानं आपलं शे, म्हणून?

तीन वर्षांनी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी जाणं जमलं. अमळनेरजवळच्या आमच्या गावात त्या दिवसांत चार वाजेपर्यंत बाहेर पडायची सोय नसते. ओसरीत सगळे आडवे आणि प्रत्येकाच्या छातीवर मोबाइल. धाकट्या चुलतभावाने अहिराणीतलं, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीतलं, नवीन गाणं लावलं. बुलेट, गॉगल, केळीचा बाग, ड्रोनमधून दिसणारी शेताची वाट, आणि ठेका असा की मागच्या वर्षीच्या तीन गाण्यांतून उचलून आणल्यासारखा. मी सहज म्हणालो, "आवाज चांगला आहे रे, पण चाल उसनी आहे. आणि दुसरं कडवं अहिराणी नाहीच, मराठी वाक्यांना शेवटी 'आहे'च्या जागी 'शे' चिकटवलंय."

तिथे बसून आम्हाला काय शिकवतोस, म्हणत भाऊ उठून बसला. "गानं आपलं शे ना भाऊ? तू तठे बशीसन आमले काय शिकाडी राहिना?" आतून घरातल्या वडीलधाऱ्या जिभाऊंनी निकालच दिला, "व्ह्यूज देख, व्ह्यूज."

विषय तिथे संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो जर्मनीत, स्टुटगार्टला, नोकरीवर परत आल्यावरही गेला नाही.

इथे रविवारी रात्री सव्वाआठला 'ताटोर्ट' नावाची गुन्हेकथांची मालिका लागते. १९७० पासून चालू आहे. प्रत्येक भागाचं शहर वेगळं, त्या शहराचे पोलीस वेगळे, आणि त्या प्रांताची प्रसारण संस्था ते भाग बनवते. सोमवारी सकाळी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आमचे श्वेबिश, म्हणजे इथली स्थानिक बोली बोलणारे, सहकारी आदल्या रात्रीच्या भागाची चिरफाड करतात, आणि भाग स्टुटगार्टचा असेल तर जास्तच जोरात. मालिकेतले इथले पोलीस लानर्ट आणि बोट्स २००८ मध्ये आले, आणि बोलतात प्रमाण जर्मन. त्यांच्या आधीचा बिन्झ्ले श्वेबिश बोलायचा, तो २००७ साली संपला. माझ्या शेजारी बसणारा फोरमन अजून त्याच्यासाठी हळहळतो. "खून आमच्या गल्लीत आणि भाषा बातम्यांची," असं काहीसं तो दर वेळी म्हणतो. पण बिन्झ्लेच्या काळातही या फोरमनची तक्रार होतीच, असं दुसरा सांगतो. तेव्हा म्हणे बोली खरी होती, पण गोष्टी रटाळ होत्या. "आपला आहे, सांभाळून घ्या," हे वाक्य मी त्या टेबलावर एकदाही ऐकलेलं नाही. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क जातं, तेव्हा बोलायचा हक्क विकतच घेतलाय, असाही भाव त्यात असतो म्हणा.

स्वित्झर्लंडचा प्रकार तर ऐकण्यासारखा आहे. तिथले भाग स्विस जर्मनमध्ये चित्रित होतात आणि जर्मनीत दाखवताना प्रमाण जर्मनमध्ये डब होतात. बऱ्याचदा तेच नट स्वतःच्याच तोंडावर परक्या उच्चारात बोलतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सगळे हसत होते आणि मला पुण्यातलं कॉलेज आठवत होतं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, "कुठला तू?" मी म्हणालो, "नाशिककडचा." दोन वर्षं मी स्वतःला डब करून जगलो.

त्यामुळे भावाचा राग मला कळत नाही असं नाही. मालिकांमध्ये मालवणी आली, कोल्हापुरी आली, भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडीला घराघरांत हशा मिळवून दिला. खानदेशी माणूस नायक म्हणून कोणत्या मोठ्या मालिकेत पाहिला, मला तरी आठवत नाही. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली १८ लाख ६० हजार माणसं मोजली गेली, आणि त्यात आमचं घर बहुधा नसेल, कारण आमच्याकडे विचारलं की सगळे 'मराठी' सांगून मोकळे होतात. पुण्या-मुंबईच्या लेखांत बहिणाबाईंच्या भाषेला सर्रास अहिराणी म्हटलं जातं. ती लेवा गणबोली. त्यांच्या माहेरी, आसोद्यात, हे कुणालाही विचारलं तरी कळेल, पण विचारतो कोण? अशा ठिकाणी एखादं गाणं गाजलं की माणूस ते छातीशी धरणारच.

मीही धरलं होतं. २०२२ मध्ये 'हाई झुमकावाली पोर' निघालं आणि पुढे ते इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीतही वाजलं. कोल्हापूरच्या बाई, नागपूरचे गृहस्थ, सगळे नाचत होते. एकाने विचारलं, "गुजराती का हो?" मी इतक्या ऐटीत "अहिराणी!" म्हणालो, जणू चाल मीच बांधली होती. पण मला ते गाणं आवडलं ते आपलं म्हणून नव्हे. त्यात बोलीची स्वतःची हेल चालीत उतरली आहे, शब्द ओढूनताणून बसवलेले वाटत नाहीत. आखाजीला झोक्यावर 'आथानी कैरी, तथानी कैरी' म्हणतात तेव्हा शब्दच झोका घेतो ना, त्याच जातीची ही गोष्ट. त्यानंतर जो नकलांचा पूर आला, त्यात झुमका राहिला, हेल वाहून गेली. हे कुणी लिहिलं का? बाहेरच्यांनी लिहिलं नाही, कारण त्यांना सगळी अहिराणी सारखीच 'गोड' वाटते. घरच्यांनी लिहिलं नाही, कारण गानं आपलं शे.

बाहेरच्या कौतुकाचं दुसरं उदाहरण शेजारचंच आहे. मालेगाव कागदोपत्री नाशिक जिल्ह्यात असलं तरी धुळ्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर. तिथल्या नासिर शेख यांनी यंत्रमागांच्या गावात, गावच्याच माणसांना घेऊन, गाजलेल्या सिनेमांच्या गावठी आवृत्त्या काढल्या. फैजा अहमद खान यांनी त्यावर २००८ मध्ये माहितीपट केला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला. मला तो आवडला, शेवटी डोळेही पुसले. पण मी वाचलेल्या परीक्षणांत जिद्द, जुगाड, स्वप्न हे तीन शब्द फिरून फिरून येत होते. माझ्या जर्मन सहकाऱ्याने तो सिनेमा पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "त्या लोकांचे मूळ सिनेमे कसे होते? विनोद जमला होता का?" मला उत्तर देता येईना. छोट्या गावातून काही आलं की आपण त्याचे कष्ट तपासतो, काम तपासत नाही. सायकलवर कॅमेरा बांधला याचं कौतुक करताना त्या कॅमेऱ्यातून काय दिसलं ते राहूनच जातं. ही मला कौतुकाच्या वेषातली दयाच वाटते, आणि दयेचा तर माझ्या भावालाही राग येतो.

आता जिभाऊंच्या बाजूनेही बोललं पाहिजे. 'ताटोर्ट'ला कितीही शिव्या बसल्या तरी त्या नटाची भाकर जात नाही, शुल्क येतच राहतं. आमच्याकडचा गायक उधारीवर कॅमेरा आणतो आणि लग्नसराईत ऑर्डर मिळाल्या तर फेडतो. 'चाल उसनी आहे' असं गावात कुणी मोठ्याने म्हटलं तर पुढच्या वैशाखात दोन हळदी कमी. युरोत पगार घेणाऱ्याने ओसरीत आडवं पडून असं मत देणं सोपं आहे. शिवाय माझी अहिराणी वीस वर्षं शिळी. मला जे खोटं वाटतं ते कदाचित आजच्या पोरांचं खरंखुरं बोलणं असेल, हीसुद्धा शंका आहे. तरी दुसरं कडवं वाईट होतं ते होतंच. व्ह्यूज मोजायला यंत्र आहे. कडवं ऐकायला त्या बोलीत वाढलेला कान लागतो, आणि तसे कान ज्यांना आहेत तेच गप्प.

मागच्या महिन्यात भावाचा मेसेज आला. त्याच्या मित्राचं गाणं रेकॉर्ड व्हायचंय, शब्द पाठवले होते. खाली लिहिलं होतं, "खरं सांग, पन मोठं भाषण नको." मी तीनच गोष्टी लिहिल्या. त्यातली एक, 'तुझी आठवण येस' हे कुठलं? आजी म्हणायची 'तुनी याद येस'.

चार दिवस उत्तर नाही. मग ओळ बदलून आली: 'तुनी आठवण येस'. अर्धी घरची, अर्धी पाहुणी. तसं कळवलंय.