नियमांत राहून डोंगर कसा खावा

मराठवाड्यात पावसाचा भरवसा नाही, कापसाच्या भावाचा नाही. खडीचा मात्र आहे. रस्ते होतात, उखडतात आणि पुन्हा होतात, त्यामुळे काळ्या पाषाणाच्या धंद्याला मरण नाही. म्हणून ज्या होतकरू वाचकांना खाणपट्टा घेऊन क्रशर टाकायचा आहे, त्यांच्यासाठी काही अनुभवसिद्ध सूचना देत आहे. अनुभव माझ्या शेजारच्या गटातील क्रशरमालकांचा आहे; मी केवळ त्यांच्या धुळीचा लाभार्थी आहे.

सर्वप्रथम, कायद्याला घाबरू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज (खडी, मुरूम, वाळू वगैरे) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली, तेव्हा पुष्कळांचे धाबे दणाणले होते. पुढे 2016 च्या अधिसूचनेने एकमेकांपासून 500 मीटरांच्या आतील एकाच खनिजाचे पट्टे एक समूह धरायला सांगितले आणि एक पट्टा आपल्या नावे, दुसरा सौभाग्यवतींच्या व तिसरा मेहुण्याच्या, अशी एकच खाण तुकड्यांत लहान दाखवण्याची जुनी सोय अडचणीत आली. तरी खचून जाऊ नये, कारण अंतर मोजणारी टेप कोणाच्या हातात आहे यावर बरेच काही अवलंबून असते.

मंजुरीपत्रातील अटी वाचत बसू नये. त्यासाठी सल्लागाराला पैसे दिलेले असतात.

1 जून आणि 1 डिसेंबर या तारखांना अटी पाळल्याचा सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो, तेव्हा मागच्याच अहवालावरील तारीख तेवढी न विसरता बदलावी.

हरितपट्ट्यासाठी रोपवाटिकेतून काळ्या पिशव्यांतील रोपे आणून कुंपणालगत मांडावीत आणि खड्डे मात्र खणू नयेत, म्हणजे छायाचित्र काढून झाल्यावर रोपे परत करता येतात.

शेजाऱ्याची विहीर आटली तर दोष पावसाला द्यावा. आपल्याकडे पाणी अखंड पाषाणात नसते, ते वरच्या मुरमात आणि खालच्या खडकाच्या भेगांत असते. आपण मुरूम उचलता आणि सुरुंगाने भेगा खुल्या करता, तेव्हा तेच पाणी आपल्या खाणीत झिरपते व रस्त्यावर शिंपडायला फुकट उपलब्ध होते. हे जलव्यवस्थापन झाले.

आता मुख्य विषय, म्हणजे पाहणी. खडी क्रशरसाठीचे नियम वाचले तर डोळे निवतात. धूळ उडते त्या जागा पत्र्यांनी बंदिस्त कराव्यात, पाण्याचे फवारे असावेत, वारा अडवणारी भिंत बांधावी, आवारातील रस्ते पक्के करावेत, जमीन नियमित झाडून ओली ठेवावी आणि हद्दीवर झाडे लावावीत, असे त्यांत लिहिले आहे. यंत्रांपासून ठरलेल्या अंतरावर हवेत घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमहून अधिक धूलिकण नसावेत, हेही लिहिले आहे. हे सारे साधायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: पाहणीच्या दिवशी क्रशर बंद ठेवावा. माझ्या मोसंबीच्या पानांवर धुळीचा थर बसतो, अशा पानांवर कोळी ही कीड माजते, फळ डागी निघते आणि व्यापारी बाग पाहून बांधावरूनच परत फिरतो, अशी रीतसर तक्रार मी केली होती. पथक येणार हे मला पथक आल्यावर कळले. शेजाऱ्यांना मात्र आदल्या संध्याकाळीच कळले असावे, कारण जॉ-क्रशरमध्ये तेव्हाच बिघाड झाला, रात्री टँकरने रस्ता भिजवला आणि वर्षभर गंजत पडलेले फवारे सकाळी कारंज्यासारखे उडू लागले. हवा मोजणारे यंत्र वारा येतो त्या बाजूला, क्रशरच्या पलीकडे, कडुनिंबाखाली ठेवले गेले. मी म्हणालो, "साहेब, धूळ वाऱ्याबरोबर माझ्याकडे येते, यंत्र इकडे ठेवा." साहेब म्हणाले, "काका, तांत्रिक बाबी आम्हाला कळतात." मग पंचनामा झाला. क्रशर बंद असल्याची नोंद त्यात मला कुठेही सापडली नाही. प्रमाण मर्यादेत आहे आणि पानांवरील धूळ रस्त्याची असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्या रस्त्यावरून दिवसरात्र कोणाचे हायवा डंपर धावतात, हे लिहायला बहुधा कागद पुरला नसावा. संध्याकाळी बिघाड आपोआप दुरुस्त झाला.

आता सूचना पुरे. बंद यंत्राची धूळ मोजणे ही पाहणी नव्हे, ती लबाडी आहे, आणि ती कोणा एकट्याची नाही. मालक पैसे वाचवतो, सल्लागार कागद रंगवतो, अधिकारी सही करतो आणि मुरूम फुकट मिळतो म्हणून गावही तोंड मिटून बसते. खरे शोधायचे असेल तर ते अवघड नाही. क्रशरचे वीजबिल मागवा, किती युनिट जळले ते पाहा आणि त्याच महिन्यात किती ब्रास (खडी मोजायचे माप) मालाची रॉयल्टी भरली ते त्याच्या शेजारी ठेवा. यंत्र केव्हा आणि किती चालले, ते मला विचारण्याची गरज उरणार नाही. जनरेटरवर चालवत असतील तर डिझेलचा हिशेब मागा. अवैध उत्खननाला बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम 48 मध्ये आहे, तो वापरा. पाहणीची तारीख तक्रारदाराला कळवणार नसाल तर क्रशरवाल्यालाही कळवू नका, आणि क्रशर बंद सापडला तर पंचनाम्यात स्पष्ट "बंद" असे लिहून, तो चालू असेल त्या दिवशी पुन्हा या.