"भारत उपखंड नाही, खंडच आहे" या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, शिक्षकांच्या ग्रुपवरसुद्धा. थोडक्यात म्हणणं असं: भारत हा उपखंड नसून खराखुरा खंड आहे, कारण एक, त्याची स्वतःची टेक्टॉनिक प्लेट (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा हळूहळू सरकणारा तुकडा) आहे, दोन, युरोप भारताहून लहान असूनही खंड म्हणवतो, तीन, हिमालयाने भारत आशियापासून पूर्ण तोडलाय, आणि चार, जगात आपल्याशिवाय कुणालाच उपखंड म्हणत नाहीत, म्हणजे इंग्रजांनी आपल्याला कमी लेखायला हे केलं, म्हणून पाठ्यपुस्तकं बदला. भारताच्या जमिनीची खरी गोष्ट याच्या कितीतरी पट भारी आहे आणि ती अशी मोडतोड करून पोरांपर्यंत जातेय याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, प्लेटचा. हा ऐकायला सगळ्यात शास्त्रीय वाटतो आणि खरी गडबड इथेच आहे. प्लेट वेगळी, खंड वेगळा. पॅसिफिक ही जगातली सगळ्यात मोठी प्लेट, तिच्यावर जवळजवळ नुसता समुद्र आहे. नाझका, कोकोस या प्लेट्सचंही तेच. उलट युरोप आणि आशियाचा बराच मोठा भाग एकाच युरेशियन प्लेटवर बसलाय. आणि आपली प्लेट "स्वतःची" हेही इतकं सरळ नाहीये, एनसीईआरटीच्या अकरावीच्या भूगोलात भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून एकच प्लेट दिलीये, आणि ती हिंदी महासागराच्या तळाशी हळूहळू फुटतेय असं बऱ्याच संशोधकांचं म्हणणं आहे, ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला भर समुद्रात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला तो त्याच ताणातून आला असं ते मानतात.

बरं, प्लेटचा नियम कडक लावायचाच म्हटलं तर आपलेच भाग बाहेर पडतात. अंदमान बर्मा प्लेटवर आहे. आणि लेहला जाऊन आलेल्यांनी आठवून बघा, शहराच्या मागचा डोंगर करड्या ग्रॅनाइटचा आहे आणि सिंधूच्या पलीकडे स्टोकच्या बाजूला जांभळट-तांबूस थरांचे उभे खडक दिसतात. दोन्हीकडचा दगड बघताक्षणी वेगळा कळतो. भारत आणि आशिया जिथे एकमेकांना भिडले तो सांधा याच पट्ट्यातून जातो, आणि लेह त्याच्या उत्तरेला येतं, म्हणजे मूळच्या भारतीय तुकड्याच्या बाहेर. मेसेजवाल्यांचा खंड घ्यायचा तर लेह सोडायला लागेल, चालेल का?

आता यात खरं काय आहे तेही सांगायला हवं. भारत एकेकाळी खरंच वेगळा होता. आधी गोंडवन नावाच्या महाखंडाचा भाग, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया यांना चिकटलेला. चंद्रपूरकडचा दगडी कोळसा त्या काळातला, त्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे मिळतात आणि तसेच ठसे अंटार्क्टिकात पण मिळतात. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटलं, मग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हारस ओतला गेला ज्यातून आपला सह्याद्री आणि दख्खनचं पठार झालं, आणि या सगळ्या काळात भारत वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास, प्लेटच्या मानाने भन्नाट वेगाने, उत्तरेकडे सरकत होता. चहूबाजूंनी पाणी असलेल्या त्या भारताला खंड म्हणा, माझी काही हरकत नाही. पण साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला येऊन धडकला. मेसेजमधलं वाक्य तेव्हाच्या भारताला लागू पडतं, आजच्या नाही.

दुसरा मुद्दा युरोपचा. आकडे सरळ चुकीचे आहेत. युरोप साधारण १ कोटी चौरस किलोमीटर, भारत देश ३२.८७ लाख, आणि पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका धरून अख्खा उपखंड ४४ लाखांच्या आसपास. रशियाचा भाग वगळला तरी युरोप मोठाच. पण युरोपला वेगळा खंड का म्हणायचं हा प्रश्न रास्त आहे, तिथे मी मेसेजच्या बाजूने आहे. रशियातल्या उरल पर्वतापर्यंत युरोप ही रेघ अठराव्या शतकात रूढ झाली, त्याआधी डॉन नदी धरायचे, आणि जमीन मुळात एकच असताना तिला युरोप, आशिया, आफ्रिका अशी तीन नावं का, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेच विचारून ठेवलंय. युरोप खंड आहे तो सवयीने. मग त्यातून युरोपचा दावा कच्चा ठरतो, आपला पक्का कसा होईल?

तिसरा, हिमालयाने तोडलं. हे तर अगदी उलटं आहे. हिमालय हाच जोड आहे! दोघांच्या मधला टेथिस समुद्र मिटला आणि त्याचा तळ वर आला, एव्हरेस्टच्या माथ्याचा चुनखडक समुद्रात तयार झालेला आहे, आणि आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम म्हणजे त्या समुद्रातल्या अमोनाइट प्राण्याचा जीवाश्म, त्याच्यावरचं चक्र म्हणजे त्या प्राण्याच्या शंखाचं वेटोळं. भारताचं कवच, म्हणजे जमिनीचा वरचा खडकांचा थर, आजही तिबेटखाली घुसतंय, म्हणून तिथे कवचाची जाडी ७० किलोमीटरपर्यंत जाते, आणि त्याच रेट्यातून २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप झाला. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा या तिन्ही नद्या हिमालयाच्या पलीकडे कैलास-मानसरोवराच्या परिसरात उगम पावतात आणि डोंगर कापून आपल्याकडे येतात. गंगेचं मैदान ज्या गाळाचं बनलंय तो मुख्यतः हिमालयाचाच. आशियाशी टक्कर झाली नसती तर लखनौ, पाटणा जिथे आहेत ती जमीनच अशी नसती. मग कसला तोडलाय? हां, येणं-जाणं, वारे, पाऊस यांच्या बाबतीत हिमालय, हिंदुकुश आणि पूर्वेकडचे आराकानचे डोंगर मोठी भिंत आहेत, उत्तरेची थंड कोरडी हवा अडते, आणि इतक्या मोठ्या भूभागाला स्वतःचा वेगळा चेहरा मिळतो. आणि उपखंड म्हणतात ते यालाच, मोठ्या खंडाला जोडलेला पण उठून दिसणारा प्रचंड भाग.

चौथा पटकन संपवते. अरबस्तानालाही बरेच जण उपखंड म्हणतात, ३० लाखांहून जास्त चौरस किलोमीटर, स्वतःची प्लेट, आफ्रिकेपासून सुटून इराणला धडकलेली आणि त्यातून झाग्रोस पर्वत झाले, म्हणजे आपल्याच गोष्टीची दुसरी आवृत्ती. ग्रीनलंडलाही कधीकधी म्हणतात. इंग्रजीतला शब्द इंग्रजांच्या काळात रूढ झाला हे खरं, पण खंड ठरवणारी कुठली जागतिक संस्थाच नाहीये, रशियात युरेशिया एक खंड शिकवतात, लॅटिन अमेरिकेत दोन्ही अमेरिका मिळून एक. २०१७ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी न्यूझीलंडभोवतीच्या, ९४ टक्के पाण्याखाली असलेल्या झीलँडियाला खंड म्हणा असा प्रस्ताव मांडला, तोही दगड, कवचाची जाडी आणि स्पष्ट हद्द दाखवून, फॉरवर्ड पाठवून नाही.

आणि पाठ्यपुस्तकं बदलायचीच असतील तर "खंड सात" हे पाठ करून घेण्याऐवजी चंद्रपूरच्या कोळशातलं ते पान आणि अंटार्क्टिकातलं पान शेजारी-शेजारी छापा.